माणशी दीड हजार रुपये

दोहामधल्या मुशेरेब मेट्रो स्टेशनबाहेर काचेच्या चकचकीत इमारतींच्या मधे चार जुनी, बुटकी घरं आहेत. डागडुजी करून २०१५ मध्ये त्यांची म्युझियम्स झाली. प्रोजेक्टसाठी दोहात होतो, शनिवारची दुपार मोकळी होती आणि खरं सांगायचं तर बाहेर उन्हाचा कहर होता. आत एसी असणार, म्हणून त्यातल्या एका घरात शिरलो.

त्या घराचं नाव बिन जेलमूद हाउस. कधीकाळी ते गुलामांच्या एका व्यापाऱ्याचं घर होतं. आता तिथे हिंदी महासागरातल्या गुलामगिरीचा इतिहास मांडला आहे.

मधे अंगण आणि भोवती खोल्या, आपल्या वाड्यासारखंच. आखातातल्या जुन्या घरांच्या खोल्या लांबीला कितीही असोत, रुंदीला जेमतेम तीन मीटर असतात. कारण साधं आहे. वाळवंटात तुळईजोगं लाकूड मिळत नाही. छताला लागायचे कांदळाचे वासे, म्हणजे आपल्या खाडीत वाढते त्या खारफुटीचे. ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांनी यायचे. वासा जेवढा लांब, तेवढी खोली रुंद. इंजिनिअर म्हणून मला हे भारी वाटलं. मग पुढच्या खोलीतला नकाशा पाहिला. त्याच किनाऱ्यावरून, त्याच मोसमी वाऱ्यांवर माणसंही आणली जात होती.

ही माणसं नुसती घरकामाला नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत मोती आणि खजूर यांची मागणी वाढली. मोती काढायला पाणबुडे हवेत, खजुराच्या बागांना मजूर हवेत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधून तळ गाठायचा आणि श्वास संपेपर्यंत शिंपले गोळा करायचा. पाणबुडा गुलाम असेल तर त्याच्या वाट्याची कमाई मालकाची. आणि मोती विकायला कुठे जायचे? मुंबईला. पुढे जपानी कल्चर्ड मोत्यांनी हा धंदा बसवला आणि तेल आलं. शेजारच्याच कंपनी हाउसमध्ये पहिल्या तेल कंपनीचं ऑफिस होतं. तिथे तेल कामगारांच्या कष्टांची गोष्ट सांगितली आहे. पण त्या कामगारांतही गुलाम होते, आणि त्यांच्या पगारातला मोठा हिस्सा मालक काढून घेत.

कतारमध्ये गुलामगिरी बंद झाली १९५२ मध्ये. पुन्हा वाचा, १९५२. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ते वर्ष. भरपाई देण्यात आली ती मालकांना, माणशी सरासरी १,५०० रुपये.

रुपये! मी थबकलो तो या शब्दापाशी. तेव्हा आखातात भारतीय रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या आणि कतारने रुपया सोडला थेट १९६६ मध्ये. मी नाशिकरोडचा. आजोबा प्रेसमध्ये होते. आमच्याकडे प्रेस म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, नोटांचा छापखाना. १९२८ पासून भारताच्या नोटा तिथे छापल्या जातात आणि १९५२ मध्ये दुसरा छापखाना नव्हताच. म्हणजे ती भरपाई नोटांत दिली असेल, तर त्या नोटा आमच्या गावच्या होत्या.

रात्री रूमवर 'कतार डिजिटल लायब्ररी' उघडली. ब्रिटिशांच्या आखातातल्या कचेऱ्यांची कागदपत्रं तिथे स्कॅन करून फुकट ठेवली आहेत. बुशहरची मुख्य कचेरी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. पळून ब्रिटिश एजंटकडे पोचलेल्या गुलामांचे जबाब त्यांत आहेत. नाव, अंदाजे वय, जन्म कुठला, कुणी पळवलं, कुणाला विकलं. एकाच साच्यातले, टाइप केलेले. मी दिवसभर डेटाबेसच बघतो, त्यामुळे पहिल्यांदा नजर कॉलमवर गेली. माणसावर यायला वेळ लागला. याचीही थोडी लाज वाटली.

शाळेच्या पुस्तकात सिद्दी भेटला तो जंजिऱ्याचा सत्ताधीश म्हणून. शरणपूरबद्दल मात्र कुणी बोललं नाही. नाशिकच्या ज्या शरणपूर रोडने मी क्लासला जायचो, तिथे १८६०च्या दशकात मिशनऱ्यांचं आफ्रिकन मुलांसाठी आश्रयस्थान होतं. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या गलबतांवरून सोडवून मुंबईत उतरवलेली ही मुलं. त्यांना तिथे लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवत. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा ज्यांनी त्याचं शव समुद्रापर्यंत वाहून नेलं त्यांत तो होता. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीतही शवपेटीला त्याचा हात लागला. त्याला इंग्रजी लिहिता येत होतं, कारण तो नाशिकला शिकला होता.

बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, शरणपूरला 'शरणपूर' का म्हणतात, माहितीये?"

"चर्च आहे ना तिथे," ते म्हणाले. "का रे, तिकडे बसून हे कसं आठवलं?"

म्युझियमच्या शेवटच्या भागात आजच्या काळातल्या माणसांच्या पिळवणुकीवर मजकूर आहे. तो वाचून बाहेर आलो, तेव्हा समोरच्या टॉवरच्या सावलीत निळ्या कपड्यांतले काही कामगार डबे उघडून बसले होते. एकाने मला विचारलं, "इंडिया?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "आत काय आहे? आम्ही कधी गेलो नाही."

मी म्हटलं, "जुनं घर आहे."