रेघ कुणाची?

आमचे धाकटे काका नकाशे काढत. म्हणजे नोकरीच तशी होती, ड्राफ्ट्समनची. ट्रेसिंग क्लॉथवर रूलिंग पेनने काळी शाई भरून ते शेतांच्या हद्दी, ओहोळ, खाजनांचे बांध काढत बसत. लहानपणी मी त्यांच्या बाजूला उभा राहून बघायचो. रेघ सुरू करण्याआधी ते ती जिथे संपणार त्या जागेकडे बघायचे, श्वास घ्यायचे आणि मग मनगट अजिबात न हलवता अख्खा हात सरकवायचे. अर्ध्यावर थांबलं की शाईचा थेंब जमतो आणि दिवसभराचं काम वाया जातं, असं त्यांचं म्हणणं. मी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलो तो याच शिकवणीवर. पास झालो, पुढे बी. ए. केलं, सरकारी नोकरीत चिकटलो आणि रेघ उरली ती फाइलच्या समासापुरती.

गेल्या वर्षी लेकीने हट्टाने ग्राफिक टॅब्लेट घेतला. एका रविवारी तिच्या गैरहजेरीत मी तो पेन हातात धरला. म्हटलं, आपणही ड्रॉइंगवालेच. एक लांब रेघ ओढली तर पडद्यावर गांडूळ! दुसरी ओढली, दुसरं गांडूळ. लेक मागून येऊन हसली आणि म्हणाली, "पप्पा, स्टॅबिलायझर वाढवा." तिने कुठेतरी काहीतरी सरकवलं आणि माझी पुढची रेघ लोण्यासारखी आली.

खरं सांगतो, आनंद व्हायच्या आधी मला थोडं वाईट वाटलं. जी गोष्ट कमवायला काकांची तीस वर्षं गेली ती एका पट्टीवर बोट सरकवून मिळावी? ही पट्टी आली कुठून, हे शोधायला मी बसलो आणि बरेच दिवस त्यातच रमलो.

गोष्ट सुरू होते ती अमेरिकेत. १९६३ साली एम.आय.टी.मधल्या आयव्हन सदरलँड नावाच्या तरुण विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' हा प्रोग्राम डॉक्टरेटसाठी लिहिला. टीएक्स-२ नावाचा खोलीभर पसरलेला संगणक, त्याचा पडदा आणि पडद्याला टेकवायचा प्रकाशपेन. पण गंमत बघा, त्यात हाताची रेघ नव्हतीच. तुम्ही एक टोक दाखवायचं, पेन हलवायचा, रेघ रबरासारखी ताणली जायची आणि दुसरं टोक दाखवलं की पक्की व्हायची. मधली सगळी रेघ यंत्राची. हात फक्त बोट दाखवणारा.

हाताचा अख्खा प्रवास यंत्रात शिरला तो पुढच्याच वर्षी, १९६४ साली, रँड टॅब्लेटमधून. दहा इंच बाय दहा इंचाची पाटी, तिच्यात तांब्याच्या बारीक रेघांची जाळी, आडव्या १०२४ जागा आणि उभ्या १०२४. पेन कुठल्या जागेवर आहे ते त्या जाळीतल्या विद्युतसंकेतांवरून कळायचं. किंमत सुमारे १८,००० डॉलर. त्या काळात, त्या पैशांत! आणि हाताचा प्रवास आत गेला तसा हाताचा कंपही आत गेला.

हा कंप म्हणजे आजार नव्हे. निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो. कागदावर आपल्याला ते जाणवत नाही, कारण कागद टोकाला धरून ठेवतो आणि शाई पसरून बारीकसारीक चुका पोटात घालते. टॅब्लेटची पाटी गुळगुळीत. त्यातून हात इथे आणि रेघ समोर पडद्यावर, म्हणजे डोळ्याला हाताची सोबत नाही. आणि लेकीचा टॅब्लेट सहा इंच रुंद, तर पडदा वीस इंच. हात एक मिलिमीटर चुकला तर रेघ तीन मिलिमीटरहून जास्त चुकते. माझं गांडूळ निम्मं तिथलं होतं.

रँडच्याच गॅब्रिएल ग्रोनर यांनी १९६६ साली त्या टॅब्लेटवर हाताने लिहिलेली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम तयार केला. पेनकडून आलेले बिंदू वाचण्याआधी तो एक काम करायचा: प्रत्येक नव्या बिंदूची आधीच्या बिंदूंशी सरासरी काढून थरथर कमी करायचा. सुंदर दिसावं म्हणून नव्हे, तर यंत्राला 'ए'चा 'एच' वाटू नये म्हणून. लेकीच्या पडद्यावरच्या त्या पट्टीचा पणजोबा मला इथे भेटला. लोण्यासारखी रेघ जन्माला आली ती चित्रकारासाठी नाही, तर आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांसाठी, हे वाचून कारकून म्हणून मला उगाचच बरं वाटलं.

दुसरा धागा त्याहून जुना आहे आणि तो जहाजांचा आहे. वास्कोच्या गोद्या बघितलेल्या आपल्या लोकांना तो परका वाटू नये. जहाजाच्या अंगाची वळणं कागदावर किंवा जमिनीवर आखताना कारागीर लाकडाची लांब लवचीक पट्टी घेत आणि ठरलेल्या बिंदूंवर शिशाची वजनं ठेवून ती वाकवत. पट्टी आपल्या स्वभावाने जी वळते तीच सगळ्यांत गुळगुळीत वाट. इंग्रजीत त्या पट्टीला स्प्लाइन म्हणत आणि वजनांना चक्क बदकं. १९४६ साली आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञाने ते नाव गणितात आणलं. मग मोटारींचा काळ आला. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली चार-पाच बिंदूंवरून वळण काढायची रीत शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतले पिएर बेझिए यांनी तशीच रीत साठच्या दशकात स्वतंत्रपणे मांडली आणि प्रसिद्ध केली. म्हणून आज जगभर वळणाला नाव आहे ते बेझिएचं. ज्याने आधी शोधलं त्याचं नाव फाइलीत राहिलं. सरकारी नोकरीत असल्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटलं.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? मी ऑफिसात ज्या मंगल फाँटमध्ये टिपणी टाइप करतो, तो र. कृ. जोशींनी रेखाटलेला. त्यातली प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक उकार अशाच बिंदूंच्या वळणांनी संगणकात साठवलेला आहे. दिवसभर आपण बेझिएच्या भावंडांच्या खांद्यावर हात टाकून बसतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

हे दोन धागे एकत्र यायला पंचवीसेक वर्षं लागली. मधल्या काळात पेन सुधारला. जपानच्या वॅकॉम कंपनीने वायर नसलेला आणि बॅटरीही नसलेला पेन आणला. पाटीच त्याला लागेल तेवढी ऊर्जा पुरवते. पुढे पेनला दाबाची जाण आली आणि रेघ पुन्हा जाड-बारीक होऊ लागली. १९८९ साली पॉल हेबर्ली यांनी 'डायनाड्रॉ' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात कुंचल्याला वजन होतं. तो पेनला जणू स्प्रिंगने बांधलेला, आणि पेन ओढेल तसा घर्षणातून मागे मागे येणारा. जड वस्तू थरथरत नाही, एवढीच कल्पना. मला तर काकांचा अख्खा हात सरकताना दिसला. १९९० साली फिलिप श्नायडर यांनी हाताने काढलेल्या वेड्यावाकड्या रेघेवर बेझिएची वळणं बसवण्याची पद्धत छापली. जहाजाची पट्टी आणि माणसाचा हात अशा रीतीने भेटले.

सामान्य चित्रं काढणाऱ्यांपर्यंत हे पोचवलं ते जपानी मंडळींनी. २००८ साली 'पेंटटूल साई'ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिच्यात हाताचा कंप दुरुस्त करायची पायरी होती, शून्यापासून पंधरापर्यंत आणि त्याच्याही वर एस-१ ते एस-७. कॉमिक्स काढणाऱ्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. फोटोशॉपसारख्या दांडग्या प्रोग्रामला तसली सोय द्यायला २०१७ साल उजाडलं. त्यातली एक रीत मला आवडली: पेन आणि रेघ यांच्यात एक अदृश्य दोरी असते, दोरी ताणली गेली तरच रेघ पुढे सरकते. दोरी सैल असेपर्यंत हात कितीही थरथरो, कागद कोरा.

पण हे सगळं फुकट मिळत नाही. सरासरी जितकी जास्त, तितकी रेघ पेनच्या मागे रेंगाळते आणि कोपरे गोल होतात. मी पट्टी टोकाला नेऊन 'क्ष' काढला तर त्याची गाठ विरघळून गेली. लेकीने सांगितलेला उपाय ऐकून मी थक्क झालो. पट्टी कमी ठेवायची, चित्र थोडं मोठं करून घ्यायचं आणि मनगटाऐवजी कोपरापासून, खांद्यापासून जरा वेगाने हात चालवायचा. हे तिला कुठल्या तरी परदेशी मुलीच्या व्हिडिओतून कळलं होतं. आमच्या घरात हे पन्नास वर्षं होतं!

आपल्या मडगावात १९१६ साली जन्मलेल्या दीनानाथ दलालांची 'दीपावली'तली चित्रं मी त्यानंतर पुन्हा काढून बघितली. रेघेत कुठे हात अलगद उचलला, कुठे टेकला ते दिसतं. यंत्राने ते थरथर समजून पुसलं असतं का? कमी पायरीवर नसतं पुसलं. टोकाच्या पायरीवर मात्र पुसलं असतं, असं मला वाटतं.

यंदा चवथीला सगळे गावच्या घरी जमलो. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांचा कंप तो सेकंदाला आठ-बारावाला बारीक कंप नाही. चहाची बशी वाजते. सही जुळत नाही म्हणून बँकेने त्यांना एकदा परत पाठवलं, तेव्हापासून ते पेनाला हात लावत नाहीत. आरती झाल्यावर लेकीने टॅब्लेट त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि पट्टी टोकाला नेली. त्यांनी आधी नको नको केलं. मग शेवटाच्या जागेकडे बघितलं, श्वास घेतला आणि हात सरकवला. पडद्यावर नकाशातली असावी तशी रेघ आली. काकी म्हणाल्या, बघा, आली की नाही पूर्वीसारखी!

काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही रेग म्हजी न्हय."

लेकीने न बोलता पट्टी एकेक पायरी खाली आणली. ते प्रत्येक पायरीवर एक रेघ ओढत होते आणि मान हलवत होते. निम्म्याच्या जरा खाली आल्यावर रेघेला भरतीच्या पाण्यासारखी थोडी लाट आली. तिथे त्यांनी लेकीचा हात थांबवला. त्या पायरीवर त्यांनी आमच्या खाजनाचा बांध काढला, त्याला दोन ठिकाणी वळण दिलं, मानस जिथे आहे तिथे तिची खूण केली. मग पेन बाजूला ठेवून विचारलं, "शाई सुकली हे यात कसं कळतं?"