विर्शो आणि सायलेशियातील साथ

रुडॉल्फ विर्शो हे नाव आपण वर्गात एकदाच उच्चारतो. ‘पेशीपासूनच नवी पेशी निर्माण होते’ असे सांगणारे जर्मन शास्त्रज्ञ, एवढी ओळख करून देऊन आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. याच विर्शोंनी त्याआधी काही वर्षे आपल्या सरकारला एका साथीविषयी अहवाल दिला होता. पेशींच्या संशोधनाइतकाच तो महत्त्वाचा आहे, असे मला वाटते.

१८४७ च्या अखेरीस प्रशियाच्या अप्पर सायलेशिया भागात टायफसची साथ पसरली. (टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. नावे सारखी असली तरी दोन्हींचे जंतू आणि प्रसाराची रीत वेगळी.) बटाट्याचे पीक बुडाले होते, लोक उपाशी होते. सरकार प्रथम स्वस्थ बसले. वृत्तपत्रांतून फारच ओरड झाली, तेव्हा फेब्रुवारी १८४८ मध्ये पाहणीसाठी डॉक्टर पाठवण्यात आले. त्यांपैकी एक होते २६ वर्षांचे विर्शो. जेमतेम तीन आठवडे ते त्या भागात फिरले. लोक कसल्या घरांत राहतात, काय खातात, हे त्यांनी बारकाईने पाहिले.

अहवालात औषधोपचार असतील अशी सरकारची अपेक्षा असावी. विर्शोंनी मागितले ते वेगळेच. तातडीचा उपाय म्हणून अन्नवाटपासाठी स्थानिक लोकांचा सहभाग असलेली समिती हवी. पण साथ पुन्हा येऊ नये असे वाटत असेल, तर रस्ते हवेत, शेतीत सुधारणा हवी, करांचा बोजा गरिबांवरून श्रीमंतांकडे न्यायला हवा आणि लोकांना स्वशासन हवे. शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा एक मुद्दा त्यात आहे. तेथील जनता पोलिश बोलणारी, कारभार आणि शाळा मात्र जर्मन. मुलांना न कळणाऱ्या भाषेत शिकवले जाई. पोलिश भाषेला मान्यता द्या, अशी मागणी एका रोगाच्या अहवालात आली!

गंमत अशी, की टायफस कशाने होतो हे विर्शोंना ठाऊक नव्हते. तो उवांमार्फत पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये दाखवले. रुग्णाला आंघोळ घालून त्याचे कपडे बदलले, की वॉर्डात रोग पसरत नाही, या निरीक्षणावरून त्यांना धागा सापडला. अंगरख्याच्या शिवणीत राहणारी ही ऊ. ज्याच्याकडे बदलायला दुसरे कपडे नाहीत आणि पाणी तापवायला सरपण नाही, त्याच्या अंगावर ती टिकणारच. कारण न कळताही विर्शोंचे बोट नेमके तिथेच पडले होते. अर्थात त्यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. पुढे जंतुवादाकडेही ते बराच काळ संशयाने पाहत राहिले.

मार्च १८४८ मध्ये ते बर्लिनला परतले, तेव्हा शहरात क्रांती पेटली होती आणि ते तीत सामील झाले. गरिबांचे आरोग्य ही राज्याची जबाबदारी आहे, असे त्यांनी स्वतः काढलेल्या साप्ताहिकातून मांडले. सरकारला हे रुचणे शक्यच नव्हते. १८४९ मध्ये त्यांच्या नोकरीवर गदा आली आणि ते व्यूर्झबुर्गला गेले. १८५६ मध्ये ते बर्लिनला परतले. १८५९ पासून नगरपालिकेत आणि नंतर प्रशियाच्या विधिमंडळात बसू लागले. १८८० ते १८९३ या काळात ते जर्मन संसदेचेही सदस्य होते. बर्लिनच्या भुयारी गटारांसाठी आणि मांसाच्या सक्तीच्या तपासणीसाठी ते तेथे वर्षानुवर्षे भांडत राहिले.