आरसा आणि भट्टी

आमच्या मोहल्ल्यातल्या बेकरीची भट्टी रात्री लाकडांनी पेटायची. पहाटे पाव आत जायचे तेव्हा मात्र आत जाळ नसे. निखारे ओढून काढलेले, फरशी ओल्या पोत्याने पुसलेली. तरी पाव फुलायचे, कारण उष्णता विटांमध्ये मुरलेली असायची. ईदच्या आधी अम्मीने मळलेल्या नानकटाईचा डबा घेऊन मी जायचो, तर चाचा भट्टीच्या तोंडाशी हात धरून म्हणायचे, ‘‘अजून कडक आहे बेटा, दुपारी ये.’’ उन्हापासून वीज करणारे अभियंते शंभर वर्षं याच गोष्टीपाशी अडले, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्याकडे विज्ञानाच्या इतिहासाचा विषय निघाला की इब्न अल-हैथमचं नाव येतंच. यायलाही हवं. बसऱ्याचा हा विद्वान अकराव्या शतकात कैरोत राहिला. सूर्यकिरण एका बिंदूवर गोळा करणाऱ्या अन्वस्त आकाराच्या आरशावर त्याने स्वतंत्र प्रबंध लिहिला. (मूळ कल्पना ग्रीकांची, हेही सांगून टाकावं.) पण आरसा उष्णता गोळा करतो, राखून ठेवत नाही.

त्याच कैरोच्या दक्षिणेला, मादी इथे, 1913 मध्ये फ्रँक शुमन या अमेरिकन माणसाने सुमारे 62 मीटर लांबीचे पाच पन्हळीसारखे आरसे उभारले. त्यांच्या वाफेवर चालणारा पंप नाईलचं पाणी शेतांसाठी उपसू लागला, मिनिटाला सुमारे 22 हजार लिटर. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि प्रकल्प मोडीत निघाला. 1918 मध्ये शुमन वारला. नंतर तेल स्वस्त झालं आणि जग उन्हाला विसरलं.

तेल महागल्यावर पुन्हा आठवण आली. 1982 मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ‘सोलर वन’ हा 10 मेगावॉटचा मनोरा सुरू झाला. उष्णता साठवायला त्यांनी एक प्रचंड टाकी बांधली आणि ती दगड-वाळूने भरली. फटींतून तेल फिरायचं, गरम वर, थंड खाली. हिशेब सोपा होता. एक टन दगड 300 अंशांनी तापवला तर त्यात सुमारे 70 युनिट उष्णता मावते, आणि दगड जवळजवळ फुकट. दगडाने दगा दिला नाही, दिला तो तेलाने. ते 300 अंशांच्या फार पुढे तापवता येत नसे, म्हणून साठ्यातली वाफ मनोऱ्याच्या थेट वाफेपेक्षा कमजोर निघायची. 1986 मध्ये टाकीला आग लागली, आणि दगडांचा तो प्रयोग तिथेच संपला.

मग बाजी मारली वितळलेल्या क्षारांनी. सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं हे मिश्रण 565 अंशांपर्यंत चालतं. मोरोक्कोतल्या वारझाझतच्या नूर प्रकल्पात सूर्य मावळल्यावर तेच वीज देतं. पण ते 240 अंशांच्या खाली थिजू लागतं. नळात थिजलं की कारखाना ठप्प. शिवाय 565 च्या वर ते टिकत नाही. म्हणून गाडी पुन्हा घन पदार्थांकडे वळली. मोरोक्कोतच, अगादीरजवळच्या आइत बाहा इथे, एका सिमेंट कारखान्याशेजारी खडीच्या ढिगातून गरम हवा खेळवून पाहिली. हवा थिजत नाही, पेटतही नाही. जर्मनीत युलिश इथल्या मनोऱ्यात सिरॅमिकच्या सच्छिद्र विटा रचल्या. विटाच!

आपल्याकडचं उदाहरण राजस्थानात अबू रोडला आहे. ब्रह्माकुमारींच्या ‘इंडिया वन’ प्रकल्पात प्रत्येकी 60 चौरस मीटरच्या 770 थाळ्या आहेत, शिर्डीच्या प्रसादालयावर दिसतात त्याच शेफलर कुळातल्या. प्रत्येक थाळीच्या केंद्राशी बिडाचा जड गोळा बसवलाय. दिवसभर तो तापतो आणि रात्री त्यातूनच पाण्याची वाफ काढतात. वीज फक्त एक मेगावॉट, म्हणून कुणी तिच्याबद्दल फारसं बोलत नाही. मला मात्र ही रचना सगळ्यात आवडते, कारण चाचांना ती एका वाक्यात समजावता आली असती.

मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्यांना जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने इंधन बदलायला सहा महिन्यांची मुदत दिली. धुराचं म्हणणं खरं आहे, मीही त्या धुरातच वाढलो. चाचांच्या मुलाने विजेची भट्टी घेतली. बिलाची तक्रार करतो. मी त्याला सौर विजेबद्दल सांगू लागलो, तर तो हसला. त्याचा पहिला घाणा पहाटे चारला आत जातो.