तंजावरच्या शिखरावरचे यंत्र

नवा लॅपटॉप घेताना त्यात बिनतारी जोडणीचे कार्ड कोणते असावे, असा प्रश्न एके काळी पुष्कळांना पडत असे. पल्ला मोठा हवा की वेग अधिक, ते आपल्या घराला मानवेल काय, बिघडल्यास दुरुस्त होईल काय, असा विचार करावा लागे. दूरची ठिकाणे तारेवाचून जोडणारे साधन निवडण्याचा हा पेच मात्र नवा नाही. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मद्रास प्रांताच्या भूमापनासमोर तो उभा राहिला होता, आणि त्या निवडीची खरी कसोटी लागली ती मराठ्यांच्या तंजावरात.

या मोजणीचा प्रमुख होता विल्यम लँबटन. 1802 साली त्याने मद्रासजवळ साडेसात मैलांची एक पायारेषा मोजली. तिच्या दोन टोकांपासून दूरच्या एखाद्या खुणेचे कोन घेतले, की तिसरे ठिकाण निश्चित होते. मग त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचावयाचा. अशा रीतीने केवळ दृष्टिरेषेच्या आधारावर सारा दक्षिण देश एका जाळ्यात गुंफावयाचा होता. मात्र एका कोनात चूक झाली, तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात उतरणार! म्हणून सारी भिस्त कोनमापक यंत्रावर, म्हणजे थिओडोलाइटवर होती.

पायारेषेसाठी लागणारी शंभर फुटी पोलादी साखळी त्याला हिंदुस्थानातच मिळाली. ती मुळात चीनच्या बादशहाला नजर करावयाची होती. तिकडे ती नाकारली गेली आणि फिरत फिरत लँबटनच्या हाती आली. थिओडोलाइट मात्र इंग्लंडहूनच मागवावा लागला. लहान यंत्र वाहून नेण्यास सोपे. परंतु ज्याची चकती मोठी, त्यावरील अंशांच्या खुणा अधिक विरळ आणि वाचन अधिक सूक्ष्म. लंडनच्या विल्यम कॅरीने घडविलेल्या यंत्राची चकती छत्तीस इंच व्यासाची होती. तिच्या कडेवर एका अंशाला जवळजवळ तृतीयांश इंच जागा मिळे. निम्म्या व्यासाच्या चकतीवर ती निम्मीच मिळाली असती. या सूक्ष्मतेची किंमत होती वजन, सुमारे अर्धा टन! वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडून हे यंत्र मॉरिशसला नेले. पण ते शास्त्रकार्याचे आहे हे ध्यानी येताच त्यांनी ते परत पाठविले.

तंजावरच्या मुलखात या वजनाने आपला हिशेब मागितला. कावेरीचे हे खोरे सपाट, त्यात नारळी-ताडांची दाटी. डोंगर नाहीत, म्हणून दृष्टी मोकळी होण्यास देवळांची गोपुरे व शिखरे यांचाच आधार. त्यांत सर्वांत उंच होते राजराज चोलाने बांधविलेल्या बृहदीश्वराचे, सुमारे दोनशे फुटांचे शिखर. त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी महाराज होते. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता, तरी महाराजांचा विद्याव्यासंग अखंड होता. याच देवालयाच्या आवारातील भिंतीवर 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविण्यात आला होता.

1808 साली हे अवजड यंत्र शिखरावर चढविले जात असता सावरून धरणारा दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. चकती वाकली. सहा वर्षांच्या कामाचा आधारच गेला. नवे मागवावे, तर जहाजाने निरोप जाण्यास आणि यंत्र येण्यास कितीतरी महिने जाणार.

लँबटन मोजक्या कारागिरांसह तंबूत शिरला. इतरांना आत येण्यास मज्जाव होता. एका मोठ्या सपाट फळीवर त्याने चकतीच्या मूळ मापाचे वर्तुळ कोरून घेतले. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या यांच्या साहाय्याने वाकलेली कड कणाकणाने ओढून त्या वर्तुळात बसविली; वाकलेले आरे लाकडी हातोड्यांनी सरळ केले. सहा आठवड्यांत चकती जवळजवळ पूर्ववत झाली.

यंत्राची निवड चुकली होती, असे यावरून म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. हलके यंत्र शिखरावर सुखरूप चढले असते. पण ज्या सूक्ष्मतेसाठी चढावयाचे, तीच त्यात उणी पडली असती. मात्र उत्तम साधन विकत घेतल्याने काम पुरे होत नाही. त्याला आपल्या भूमीवर वापरण्याची युक्ती आणि मोडल्यास सांधण्याची विद्या जवळ असावी लागते. त्या तंबूत लँबटनच्या जोडीला ती विद्या ज्यांच्या हाती होती, त्या कारागिरांची नावे इतिहासात फारशी येत नाहीत.

लँबटनचा अंत 20 जानेवारी 1823 रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटी, कामाच्या वाटेवरच झाला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने त्याच थिओडोलाइटने मोजणी पुढे उत्तरेस नेली. 1830 साली त्याने इंग्लंडहून नवी यंत्रे आणली; तरीही तंजावरात आदळलेले ते जुने यंत्र त्याने टाकून दिले नाही. कलकत्त्यास हेन्री बॅरो या यंत्रकाराकडून त्याची पुनर्रचना करवून घेतली.