मशीनच्या पूर्ण नावाची कुळकथा

घरच्या लिनक्स मशीनवर रात्री बॅकअप चालतो. तो फसला तर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनने मेल पाठवून कळवावं, एवढीच अपेक्षा असते. मेल येत नाही. लॉग उघडावा तर ५०४ क्रमांकाचा नकार दिसतो: समोरच्या सर्व्हरला मशीनचं डोमेनसकट पूर्ण नाव हवं आहे आणि आपलं मशीन नुसतं 'डेबियन' म्हणून मोकळं झालं आहे. नेटवर्क चालू, पत्ता बरोबर, तरी नावावरून अडतं.

या अटीची मुळं जुनी आहेत. १९७१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी, बीबीएन कंपनीत, रे टॉमलिन्सन यांनी एका पीडीपी-१० संगणकावरून शेजारच्या पीडीपी-१० वर संदेश धाडला आणि माणसाचं नाव व मशीनचं नाव यांच्यामध्ये 'अ‍ॅट'चं चिन्ह घातलं. तेव्हापासून पत्त्यात मशीन आलं. पण कोणत्या नावाचा क्रमांक कोणता, याचे तक्ते इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवर ज्याचे त्याचे असत आणि ते एकमेकांशी जुळत नसत. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी सुचवलं की सगळ्यांसाठी एकच यादी ठेवावी. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती यादी वाढली. नव्या मशीनला नाव हवं असेल तर केंद्राला कळवायचं, ते यादीत ओळ घालत आणि बाकीची मशीनं यादी उतरवून घेत. सगळ्या नेटवर्कची नावं काही माणसांनी हातांनी नीट राखली, याचं मला फार मोल वाटतं.

त्या यादीचा वंशज आजही प्रत्येक लिनक्स मशीनवर आहे. बर्कली विद्यापीठाच्या १९८३ सालच्या ४.२ बीएसडीमध्ये 'एचटेबल' नावाचा प्रोग्राम होता. केंद्राची यादी घेऊन तो 'ईटीसी' डिरेक्टरीतल्या 'होस्ट्स' फाइलच्या साच्यात बसवून देई. त्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी वाटून देणाऱ्या डीएनएसचा आराखडा मांडला. मग मध्यवर्ती यादी मागे पडली आणि नावं टिंबांनी जोडलेली झाली. भारताची 'डॉट इन' ही शेपटी बरीच वर्षं मुंबईत जुहूला, एनसीएसटी या संस्थेत सांभाळली जात होती. होस्ट्स फाइल मात्र जागची हलली नाही.

मेलचा रिवाज त्याआधीच ठरला होता. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याच्या एसएमटीपी पद्धतीचे नियम लिहिले. त्यात पाठवणाऱ्या मशीनने जोडणी झाल्याबरोबर 'हेलो' आज्ञा देऊन आपलं नाव सांगायचं. पाहुण्याने दारातच नाव-गाव सांगावं, तसं. ऑक्टोबर १९८९ च्या नियमावलीने हे आणखी स्पष्ट केलं: सांगितलेलं नाव वैध हवं, ऐकणाऱ्याने हवं तर पडताळावं, पण पडताळणी फसली म्हणून पत्र नाकारू नये. असा विश्वास लहान नेटवर्कला परवडत होता.

स्पॅमने तो मोडला. हजारो बळकावलेली घरगुती मशीनं अर्धवट किंवा खोटी नावं सांगून मेल ओतू लागली, तेव्हा अ‍ॅडमिन लोकांनी नावाचीच चाळणी केली. आयबीएममध्ये वीत्से व्हेनेमा यांनी लिहिलेला पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर १९९८ मध्ये बाहेर आला. अपुऱ्या नावाला थेट ५०४ देण्याची सोय त्यात आहे, आणि ती सर्रास वापरली जाते. नियमाचं अक्षर मोडलं हे खरं, पण मी अ‍ॅडमिनच्या बाजूने आहे. त्यांच्या हाती स्वस्त उपाय थोडेच होते.

आता घरच्या मशीनकडे येऊ. बहुतेक लिनक्सवर कर्नलला फक्त आखूड होस्टनेम माहीत असतं. पूर्ण नाव विचारलं की मशीन सहसा आधी होस्ट्स फाइल पाहतं, आणि ओळीत आकडी पत्त्यानंतर जे पहिलं नाव असेल तेच अधिकृत धरतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पूर्ण नाव, मग आखूड. डेबियन हे लिनक्स वितरण यासाठी १२७.०.१.१ ही वेगळी ओळ ठेवतं, कारण घरच्या मशीनला सहसा कायमचा पत्ता नसतो. ती ओळ उलटी लिहिलेली असेल तर 'होस्टनेम' आज्ञेला 'एफ' पर्याय देऊन विचारलं तरी आखूडच नाव मिळतं. स्वतःचं डोमेन नसेल तर २०१८ मध्ये घरगुती नेटवर्कसाठी राखून ठेवलेलं 'होम डॉट अर्पा' वापरावं. दुसऱ्याचं डोमेन लावू नये. त्यातही घरच्या मशीनवर पोस्टफिक्स असेल आणि मेल पुरवणाऱ्या कंपनीचं नाव त्याच्या 'मायडेस्टिनेशन' यादीत गेलं, तर पोस्टफिक्स त्या कंपनीच्या सगळ्या पत्त्यांना आपल्याच घरातले समजतो, मेल बाहेर पाठवतच नाही, आणि असा वापरकर्ता नाही म्हणून परत करतो. या चुकीवर लोकांचे दिवस जातात, कारण नकार बाहेरून आला असं वाटतं आणि तो आलेला असतो आपल्याच मशीनकडून.

नाव दुरुस्त झालं तरी थेट मेल पोहोचेलच असं नाही. कित्येक इंटरनेट कंपन्या घरगुती ग्राहकांचं २५ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवतात, आणि बदलत्या पत्त्यांवरून आलेला मेल मोठे सर्व्हर सहसा घेत नाहीत. त्यासाठी १९९८ मध्येच वेगळी वाट नेमली गेली: पोर्ट ५८७, आपल्या मेल कंपनीकडे मेल सोपवण्यासाठी. पोस्टफिक्समध्ये 'रिलेहोस्ट' म्हणून आपल्या मेल कंपनीचा सर्व्हर आणि हे पोर्ट द्यावं, लॉगिनची माहिती भरावी. पाठवणाऱ्याचा पत्ता 'रूट' आणि घरचं नाव असा जात असेल, तर 'जेनेरिक' तक्त्याने तो आपल्या खऱ्या पत्त्यात बदलावा. मग चाचणीचा मेल धाडून त्याचे पूर्ण हेडर उघडावेत. सर्वांत खालच्या 'रिसीव्ह्ड' ओळींमध्ये मशीनने सांगितलेलं नाव सहसा जसंच्या तसं नोंदलेलं सापडतं.