झिजण्यासाठीच घडवलेला भाग : टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा इतिहास

१/१३
मलकापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे आणि सुरतहून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचे शहर. अशा रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये एक तक्रार नेहमीची : इंजिनाच्या माथ्यावरून ओघळलेले तेल आणि जळक्या तेलाचा वास. निदानही ठरलेले, ‘टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले.’ या साध्या पट्टीचा इतिहास मोटारीहून जुना आहे. (धागा)

२/१३
‘पॅकिंग’ हा शब्द वाफेच्या युगातला. १७१२ च्या न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्याभोवती चामड्याची चकती असे आणि वरून पाणी सोडलेले असे, म्हणजे फटीतून हवा आत शिरत नसे. पुढे जेम्स वॉटच्या काळात चरबीत भिजवलेला तागासारखा धागा फटीत ठासून भरू लागले. हे ठासून भरणे म्हणजे पॅकिंग.

३/१३
१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. मलकापूर त्याच मार्गावरचे स्थानक. लोहमार्गाबरोबर वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात वाफेवर चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि यंत्रांची भाषाही आली. इंग्रजीतला ‘गॅस्केट’ हा मूळचा दर्यावर्दींचा शब्द. गुंडाळलेले शीड बांधण्याची ती दोरी. मराठी कारागिराच्या तोंडी मात्र आजही ‘पॅकिंग’च आहे.

४/१३
सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना टॅपेट कव्हर आजच्या जागी नव्हते. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले असत. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे इंजिनही याच घडणीचे. वरचे हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकण. माथ्यावर तेल नाही, म्हणून माथ्यावरून गळतीही नाही.

५/१३
अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९०४ पासूनच्या मोटारींत व्हॉल्व्ह हेडमध्ये, दट्ट्याच्या वर आणले. त्याने इंजिनाचा श्वास मोकळा झाला आणि शक्ती वाढली. पण वर सतत हलणाऱ्या रॉकरना तेल हवे, उडणारे तेल अडवायला छप्पर हवे, आणि छप्पर व हेड यांच्यामधली फट बुजवायला काहीतरी मऊ हवे. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगची गरज इथे उभी राहिली.

६/१३
ते मऊ द्रव्य म्हणजे बूच, भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातील ओक वृक्षाची साल. पोर्तुगालमध्ये ही साल साधारण ९ वर्षांतून एकदा झाड न तोडता काढतात. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली याच बुचाचे कप्पे पाहिले आणि त्यांना ‘सेल’ हे नाव दिले. कप्प्यांत हवा कोंडलेली असते. त्यामुळे बूच दाबले तरी बाजूंना फारसे पसरत नाही, आणि दाब काढला की पुष्कळ अंशी फुगून पूर्ववत होते.

७/१३
भारतीय रस्त्यांवर हे बूच अ‍ॅम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनावर दिसे. पत्र्याचे कव्हर, खाली बुचाची पट्टी, वर फक्त दोन नट. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनीचे १०८९ सीसी इंजिनही माथ्यावर व्हॉल्व्ह असलेलेच होते.

८/१३
बुचाचे वैगुण्य एवढेच की ते वाळते. कपाटात पडून राहिले तर आकसते, उष्णतेने कडक होऊन तडकते. म्हणून जाणते कारागीर आकसलेली पट्टी बसवण्यापूर्वी पाण्यात भिजवून मूळ मापावर आणीत. गळती दिसली की नट आणखी आवळण्याचा मोह होई. त्याने बूच चिरडे, पत्रा वाकडा होई आणि गळती वाढे.

९/१३
पुढे बूच-रबराचे मिश्रण, नायट्राइल रबर आणि सिलिकॉन आले. द्रव्य बदलले, कसोटी तीच राहिली : दाबल्यावर पुन्हा उसळण्याची ताकद. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान कोसळले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कारण होते थंडीत लवचिकता गमावलेली रबरी कडी. मोटारीत हेच काम वर्षानुवर्षांची उष्णता सावकाश करते.

१०/१३
तरीही प्रत्येक गळतीचा दोष पट्टीचा नसतो. जळालेल्या वायूचा काही अंश दट्ट्याच्या रिंगांपासून निसटून खाली तेलाच्या कप्प्यात उतरतो. पूर्वी तो नळीने थेट रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियातील धुरकट हवेमुळे तिथे १९६१ च्या मोटारींपासून हा वायू पुन्हा इंजिनातच ओढून घेणारी झडप आली. ही झडप तुंबली की दाब वाढतो आणि सर्वांत दुबळ्या सांध्यातून तेल बाहेर पडते. झडप न तपासता बदललेले पॅकिंग पुन्हा गळते.

११/१३
दुरुस्तीची रीत साधी आहे. इंजिन थंड होऊ द्यावे. नळ्या व वायरी काढून कव्हर उचलावे, जुनी पट्टी संपूर्ण खरवडावी, तुकडा आत पडू देऊ नये. पत्र्याचे कव्हर बोल्टच्या छिद्रांपाशी दबले असल्यास ठोकून सपाट करावे. मग नवी पट्टी बसवून मधून कडेकडे, समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळावेत. अनेक लहान इंजिनांत ही आवळणी साधारण १० न्यूटन-मीटर असते, म्हणजे मनगटाचा हलका जोर. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा.

१२/१३
पट्टीऐवजी सिलिकॉनचा जाड थर फासणे ही घाईची वाट. आत सुटलेले त्याचे कण तेलाच्या पंपाची जाळी बुजवू शकतात आणि स्वस्त गळतीच्या जागी महाग इंजिन जाते. दुर्लक्षही तितकेच घातक. तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकणारे तेल धूर करते, प्रसंगी पेटही घेते. अनेक गाड्यांत ते स्पार्क प्लगच्या खळग्यात साचून इंजिन अडखळवते.

१३/१३
आज अनेक इंजिनांचे कव्हर प्लास्टिकचे असते आणि वायूची झडप त्यातच घडवलेली असते. पातळ पडदा फाटला की काही वेळा संपूर्ण कव्हर बदलावे लागते. वाफेच्या काळापासूनचा नियम असा होता की मऊ, स्वस्त भागाने झिजावे आणि कठीण, महाग भागाने टिकावे. तो नियम इथे उलटतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा तिच्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता. त्या हक्काचा अर्थ महामार्गावरच्या गॅरेजात सहज समजतो : बिघडलेला भाग तेवढाच, तिथेच, परवडेल अशा किमतीत बदलता आला पाहिजे.