बेसूर हायेत रे ह्या!

परवा रात्री डिप्लॉयमेंट चालू असताना 'द स्लिट्स'चा १९७९चा 'कट' ऐकत होतो. १९७६ला लंडनमध्ये हा बायकांचा बँड जमला तेव्हा गाणारी ॲरी अप फक्त १४ वर्षांची! आधी नीट शिका, मग स्टेजवर या, हा नियमच ह्या पोरींनी धुडकावला. पंकमधलं मला तेच आवडतं.

मग डोक्यात किडा वळवळला, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? गिटार नसेल, पण १९७५ला मुंबईत स्त्री मुक्ती संघटना निघाली आणि १९८३ला तिचं 'मुलगी झाली हो' आलं. लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर पेशाने ग्रंथपाल. हौशी बायका गायच्या, नाचायच्या. नेपथ्याचा बडेजाव नाही, त्यामुळे थिएटर नसलं तरी अडायचं नाही. बाज लोककलेचा, ओळखीचा. शब्द मात्र हुंड्यावर, नकोशा मुलीवर, चांगलेच झोंबणारे.

आणि आमचं बुलडाणा तर शंभर वर्षं पुढे! इथल्या ताराबाई शिंद्यांनी १८८२लाच 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. गाणं नव्हे ते, पण पुरुषांना काय झाडलंय! विसरलं गेलेलं हे पुस्तक स. गं. मालशांनी परत छापलं, तेही १९७५ला.

असो. आमच्या गल्लीतल्या भजनात आत्याचा आवाज सगळ्यांत खडा. आजोबा म्हणायचे, "हळू गाय वं." पुढे तिनं गाणंच सोडलं. काल फोनवर तिला स्लिट्स ऐकवलं.

"बेसूर हायेत रे ह्या," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण कशा मोठ्यानं गाऊन राहिल्या!"